डोकी मोजून झाली, आता चुली मोजू या

२०१० च्या उन्हाळ्यात मी जनगणनेची प्रगणक होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या आमच्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला ते काम आलं होतं. खांद्याला पिशवी, हातात वस्तीचा नकाशा, आणि दारोदार जाऊन भिंतीवर नंबर टाकायचा. प्रशिक्षणात एक व्याख्या आमच्याकडून घोकून घेतली होती. एरवी एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब, मग त्यांचं रक्ताचं नातं असो किंवा नसो. म्हणून प्रत्येक उंबऱ्यावर माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "चूल एक की वेगळी?"

एका वाड्यात आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. प्रश्न ऐकून हात थांबला त्यांचा. म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत एकच होती बाई. आता तीन झाल्यात. मला कुठल्या चुलीवर लिहायचं ते तुम्हीच ठरवा." त्या दिवशी त्या वाड्याची माझ्या कागदावर तीन कुटुंबं झाली. माणसं होती तेवढीच, अकरा.

काही वर्षांनी त्या रस्त्यानं गेले तर वाडा पडलेला होता. तीन भावांची तीन घरं उभी होती, एक जुन्या जागेवर आणि दोन रस्त्याकडेच्या शेतात. अकरा माणसांना आधी एक अंगण पुरत होतं. आता तीन अंगणं, तीन बोअर, तीन गाड्या उभ्या करायच्या जागा, आणि शेतातून काढलेला एक रस्ता.

आता पुन्हा जनगणना होते आहे. २०२१ ची कोविडमुळे राहून गेली. घरांची यादी करण्याचा टप्पा २०२६ मध्ये आणि माणसं मोजण्याचा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये, असं वेळापत्रक आहे. त्यामुळे "लोकसंख्या वाढली म्हणून जागा उरली नाही" हे वाक्य चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत पुन्हा ऐकू येऊ लागलंय. त्यात अर्धं खरं आहे. राहिलेलं अर्धं त्या आजींच्या उत्तरात आहे.

माणसं वाढतायत, पण वेग उतरलाय

आधी साधे आकडे पाहू. १९६१ मध्ये, म्हणजे राज्य स्थापन झाल्यावरच्या पहिल्या जनगणनेत, महाराष्ट्रात ३.९६ कोटी माणसं होती. २००१ मध्ये ९.६९ कोटी झाली, २०११ मध्ये ११.२४ कोटी. जमीन तेवढीच आहे, सुमारे ३.०८ लाख चौरस किलोमीटर.

पण वाढीचा वेग बघा. १९९१ ते २००१ या दहा वर्षांत लोकसंख्या २२.७ टक्क्यांनी वाढली होती. पुढच्या दहा वर्षांत १६ टक्क्यांनी. कारण घराघरांत दिसतं आहे, मुलं कमी होतायत. एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतात त्या आकड्याला जननदर म्हणतात. तो २.१ च्या आसपास असला तर एक पिढी आपल्याएवढीच दुसरी पिढी मागे ठेवते. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर जवळपास २.९ होता. २०१९-२१ च्या पाहणीत तो १.७ निघाला. म्हणजे तो २.१ च्या रेषेखाली गेलेला आहे.

"मग लोकसंख्या अजून वाढते कशी?" हे पाटाच्या पाण्यावरून समजतं. आवर्तन संपलं, धरणावर दरवाजा बंद झाला, तरी टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याकडे पाणी लगेच आटत नाही. पाटात आधीच असलेलं पाणी येत राहतं. तीस वर्षांपूर्वी जन्मलेल्या मोठ्या पिढ्या आज लग्नाच्या, घर मांडण्याच्या वयात आहेत. त्यांना एकेक-दोनदोनच मुलं झाली तरी एकूण आकडा काही काळ वर जाणार. शिवाय माणसं आता जास्त जगतायत, ही तर आनंदाचीच गोष्ट आहे.

जागा मागते ती चूल

आता मुद्द्याचं. माणूस एकटा जागा अडवत नाही, अडवते ती चूल. चार माणसांचं घर असो की दोन माणसांचं, स्वयंपाकघर एक लागतं, न्हाणीघर एक, जिना एक, दारापर्यंतचा रस्ता एक. चौघांऐवजी दोघं राहिली म्हणून न्हाणीघर अर्धं होत नाही.

२००१ मध्ये महाराष्ट्रात सुमारे १.९१ कोटी कुटुंबं होती, २०११ मध्ये सुमारे २.३८ कोटी. दहा वर्षांत माणसं १६ टक्के वाढली, चुली २५ टक्के वाढल्या. एका चुलीवरची माणसं सरासरी पाचावरून पावणेपाचाच्या थोडं खाली आली. हा फरक बोटाच्या पेरावर मावेल एवढा वाटतो, पण राज्यभर गुणला की तो मोठा होतो. घरातली सरासरी २००१ एवढीच राहिली असती तर २०११ च्या लोकसंख्येला २.२१ कोटी चुली पुरल्या असत्या. त्यावर जवळपास १७ लाख चुली जास्त पेटल्या. लोकसंख्येनं त्या मागितल्या नव्हत्या, राहण्याची पद्धत बदलली म्हणून त्या लागल्या.

पाचवीच्या वर्गात मी हे गणित फळ्यावर मांडायचे. एक गाव घ्या, ५,००० वस्तीचं. घरटी माणसं ५, म्हणजे १,००० चुली. वीस वर्षांनी गावात माणसं ५,०००च आहेत, एकही वाढलं नाही. पण घरटी माणसं ४ झाली. चुली किती? १,२५०. म्हणजे २५० नवी घरं. एका घराला अंगण, रस्ता, गटार धरून २ गुंठे लागले तर ५०० गुंठे. ४० गुंठ्यांचा एक एकर, म्हणजे साडेबारा एकर रान गेलं. मुलं दरवेळी चकित व्हायची, कारण गणितात एकही बाळ जन्मलेलं नसायचं.

घरटी माणसं कमी होण्याची कारणं दोन आहेत आणि ती एकमेकांत मिसळू नयेत. एक म्हणजे मुलंच कमी, दोघं नवराबायको आणि दोन लेकरं. दुसरं म्हणजे चूल फुटणं. भाऊ वेगळे होतात, मुलगा शिक्षणाला, नोकरीला शहरात जाऊन तिथं खोली घेतो, मागे आईवडील दोघंच राहतात, पुढे त्यातलं एकच. म्हणजे ज्या कारणानं लोकसंख्येचा वेग उतरतो, त्याच कारणानं काही काळ घरांची गरज वाढते. हे ऐकायला उलटं वाटतं, पण असंच आहे.

सातबाऱ्यावरही तेच झालं

शेतजमिनीची गोष्ट वेगळी नाही. दर पाच वर्षांनी कृषी गणना होते, त्यात राज्यात किती खातेदार आणि प्रत्येकाकडे सरासरी किती जमीन ते मोजतात. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात ४९.५ लाख वहिती खाती होती आणि सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर. २०१५-१६ मध्ये खाती १५२.८५ लाख, सरासरी १.३४ हेक्टर. १९७१ ते २०११ माणसं सव्वादोन पटीच्या आत वाढली, पण खाती तिप्पट झाली.

प्रत्येक वाटणीबरोबर एक बांध येतो, एक वाट येते, विहिरीवरच्या पाळीचं भांडण येतं, आणि बऱ्याचदा शेतात एक घर येतं. गावठाण, म्हणजे गावात राहण्यासाठी सरकारदप्तरी ठरवलेली जागा, पूर्वी गच्च आणि बाहेरचं रान मोकळं असायचं. आता गावठाण ओस पडतं आणि वस्त्या रानभर विखुरतात.

जमिनीचे कपटे होऊ नयेत म्हणून १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. २०२३ मध्ये किमान क्षेत्र ठरवलं गेलं, जिरायत २० गुंठे आणि बागायत १०. तरी शहरालगत गुंठा-दोन गुंठ्यांचे प्लॉट पडत राहिले. अशी वस्ती नियमित करायला २००१ मध्ये गुंठेवारी कायदा आला, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवली, आणि २०२५ मध्ये तुकडेबंदीतच मोठी सवलत जाहीर झाली. आयुष्याची पुंजी घालून गुंठा घेतलेल्या माणसाला कागद मिळायला हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण अशी वस्ती नियमित होताना एक गोष्ट कायमची सुटते. तिथं मैदान नसतं, आणि नंतर ते आणायला जागाही नसते. शंभर माणसांनी शंभर गुंठे विकत घेतले, खेळायचा गुंठा कुणीच घेतला नाही.

राज्य एक, कहाण्या अनेक

राज्याची सरासरी सांगताना फसगत होते. २०११ मध्ये गडचिरोलीत एका चौरस किलोमीटरला ७४ माणसं होती, मुंबई उपनगर जिल्ह्यात जवळपास २१,०००.

आणि काही ठिकाणी माणसं चक्क कमी झाली. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६.९७ लाख होती, २०११ मध्ये १६.१५ लाख. सिंधुदुर्गही घटला. मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा भाग, ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर आला. ती माणसं गेली कुठं? बरीचशी उत्तरेला आणि पूर्वेला सरकली. त्याच काळात ठाणे जिल्ह्यात (तेव्हा पालघर त्यातच होता) सुमारे २९ लाख आणि पुणे जिल्ह्यात सुमारे २२ लाख माणसं वाढली. दहा वर्षांत राज्यात वाढलेल्या माणसांपैकी जवळपास तिसरा हिस्सा या दोनच जिल्ह्यांत.

इथं कुणीतरी म्हणतंच, "हे सगळं बाहेरून आलेल्यांमुळे." बाहेरच्या राज्यांतून माणसं येतात, मुंबई-ठाणे-पुण्यात ते दिसतंही. पण स्थलांतर करणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा राज्यातल्या राज्यात हललेल्यांचा आहे. चिपळूणचा मुलगा डोंबिवलीत, लातूरची मुलगी हिंजवडीत. आपलीच चूल आपण दोन ठिकाणी मांडली.

कोकणात तर हे दोन ठिकाणी मांडणं शब्दशः आहे. गावात घर आहे, दरवर्षी रंग लागतो, गणपतीला आणि शिमग्याला दार उघडतं, उरलेले दिवस कुलूप. डोंबिवलीत भाड्याचं किंवा कर्जाचं दुसरं घर. माणसं कमी झाली म्हणून घरं कमी झाली नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे अडीच कोटी घरं रिकामी आढळली होती. गावाकडच्या घरावर माझी माया आहे, तो जीव तोडून जपलेला धागा आहे. पण त्याच किनाऱ्यावर ज्यांचं गावाशी नातं नाही अशांसाठी डोंगर कापून बंगले उठतात, तेव्हा चूल पेटवायला कुणीच येणार नसतं. गोव्यात २००१ ते २०११ मध्ये लोकसंख्या जेमतेम ८ टक्के वाढली, तरी शेती आणि बागायतीची जमीन वस्तीत बदलण्यावरून तिथं एवढा संताप आहे, तो यामुळेच.

"पण एसटीतून जाताना रान मोकळंच दिसतं की!"

ही शंका रास्त आहे. राज्याची निम्म्याहून जास्त जमीन आजही पिकाखाली आहे, पाचव्या हिश्श्याच्या आसपास सरकारदप्तरी वन आहे. मग टंचाई कशाची?

'मोकळी जागा' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शेत मोकळं दिसतं, पण ते कुणाच्या तरी मालकीचं आणि कष्टाचं आहे. तिथं तुमची मुलगी क्रिकेट खेळू शकत नाही. वन मोकळं असतं, पण ते राखायचं असतं. तिसरी जागा सगळ्यांची असते. शहरातलं मैदान, बाग, टेकडी, नदीकाठ, आणि गावातलं गायरान, खळं, पाराभोवतीचा चौक, ओढ्याची हद्द. रोजच्या जगण्याला लागते ती ही तिसरी जागा, आणि सर्वांत आधी जाते तीही हीच, कारण तिच्या सातबाऱ्यावर भांडायला उभा राहील असा एक मालक नसतो.

केंद्र सरकारच्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत शहरातल्या प्रत्येक माणसामागे १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. १० चौरस मीटर म्हणजे साधारण दहा फूट बाय अकरा फुटांची खोली. आता एक वॉर्ड घ्या, १०,००० माणसांचा, आणि त्यात दोन एकरांचं मैदान. दरडोई आलं ०.८ चौरस मीटर. झोपायच्या चटईचा जेमतेम अर्धा भाग. आपल्या भल्या भल्या वॉर्डांची हीच गत आहे.

"मग उंच बांधा, जागा वाचेल"

वाचते, आणि हे मान्य करायलाच हवं. वरच्या गणितातली २५० नवी घरं दोन-दोन गुंठ्यांवर पसरली तर साडेबारा एकर गेले. तीच घरं चार-पाच मजली इमारतींत बसवली तर तीन एकरांत काम होतं. साडेनऊ एकर वाचले. म्हणून मी इमारतींच्या विरोधात नाही. दाट वस्तीत बस परवडते, पाण्याची पाइपलाइन छोटी होते, आणि शहराबाहेरचं शेत शाबूत राहतं.

प्रश्न असा की ते वाचलेले साडेनऊ एकर कुठं लिहून ठेवलेत? ते 'मोकळे राहतील' असं कुठल्याही कागदावर नसेल तर दहा वर्षांत त्यावर दुसऱ्या इमारती येतात, आणि मग जमीनही गेली आणि दाटीही झाली.

इथं एक शब्द समजून घेऊ, तो वर्तमानपत्रात रोज येतो. एफएसआय, मराठीत चटईक्षेत्र निर्देशांक. १,००० चौरस फुटांच्या प्लॉटवर सगळे मजले मिळून किती चौरस फूट बांधता येईल त्याचं हे प्रमाण. निर्देशांक १ असेल तर १,०००, २ असेल तर २,०००. पुनर्विकासात हा आकडा वाढवून मिळतो, त्यावरच सगळं गणित चालतं. पण निर्देशांक दुप्पट झाला तरी वॉर्डातलं मैदान दुप्पट होत नाही. मैदानाची एक फूटही जागा न जाता १०,००० चे २०,००० झाले की अर्ध्या चटईची पाव चटई होते. कुणी जागा हडपली नाही, तरी ती तुमच्या वाट्याची अर्धी झाली. मोकळ्या जागेचं हे न दिसणारं कमी होणं मला सर्वांत धोक्याचं वाटतं, कारण त्याविरुद्ध तक्रार कुणाकडे करायची तेच कळत नाही.

नियम आहेत. मुंबई वगळता बहुतेक राज्याला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर, किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआउट करताना १० टक्के जागा खेळण्या-फिरण्यासाठी मोकळी सोडावी लागते. बोलीत तिला नुसतंच 'ओपन स्पेस' म्हणतात. आमच्या कॉलनीतही ती होती. आधी तिच्या कोपऱ्यात पाण्याची टाकी आली, मग एक हॉल, मग हॉलला येणाऱ्यांच्या गाड्या. प्रत्येक वेळी कारण चांगलंच होतं, आणि मी स्वतः टाकीच्या बाजूनं हात वर केला होता. आज मुलं रस्त्यावर खेळतात.

आरक्षण पडतं आणि उठतं कसं

शहराचा विकास आराखडा म्हणजे पुढच्या साधारण वीस वर्षांचा नकाशा: इथं रस्ता, इथं शाळा, इथं बाग. खासगी जमिनीवर 'बाग' असं लिहिलं की तिच्यावर आरक्षण पडलं. पण कागदावर बाग लिहिल्यानं बाग होत नाही. महापालिकेनं ती जमीन मालकाकडून ताब्यात घ्यावी लागते, पैसे देऊन किंवा त्याबदल्यात दुसरीकडे बांधकामाचा हक्क देऊन. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याचं कलम १२७ सांगतं की दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतरच्या मुदतीतही संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं.

हे कलम अन्यायाचं नाही. कुणाची जमीन वीस-तीस वर्षं अडकवून ठेवायची आणि पैसेही द्यायचे नाहीत, हे चालू नये. अडचण अशी की पालिकेच्या अंदाजपत्रकात उड्डाणपुलाला पैसे निघतात, मैदानाच्या संपादनाला निघत नाहीत. मग आरक्षण गुपचूप मरतं. वॉर्डातल्या लोकांना कळतं ते थेट पत्रे लागल्यावर.

"लोकसंख्या घटू लागली की जागा आपोआप सुटेल"

जननदर १.७ वर आलाय, तेव्हा हा दिवसही येईल. पण जागा आपोआप सुटत नाही, आणि याचा पुरावा मुंबईतच आहे.

१९८२ चा संप झाला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि ऐन शहराच्या मध्यावर, परळ-लालबाग-वरळीच्या पट्ट्यात, ५८ गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन मोकळी व्हायच्या वाटेवर आली. दाटीनं गुदमरलेल्या शहराला अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. ढोबळमानानं त्याचे तीन वाटे होते: एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या परवडणाऱ्या घरांसाठी, एक गिरणीमालकाला. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीला या जमिनींचा एकत्रित विचार करायलाही सांगितलं गेलं.

२००१ मध्ये नियमात एक बदल झाला. वाटे पूर्ण जमिनीचे करायचे नाहीत, गिरणीच्या आवारात जी जागा आधीपासून रिकामी आहे तेवढ्या जागेचेच करायचे. गिरण्यांचं आवार बहुतेक शेडनी भरलेलं असायचं. साहजिकच तिसरा हिस्सा कागदावर राहिला आणि जमिनीवर आली तुटपुंजी तुकड्यातुकड्यांची जागा. प्रकरण न्यायालयात गेलं. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं शहराच्या बाजूनं निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. आज तिथं मॉल आणि टॉवर आहेत.

आठवा, मुंबई शहर जिल्ह्यात २००१ ते २०११ मध्ये अडीच लाख माणसं कमी झाली होती. नेमक्या त्याच दशकात ही जमीन गेली. एका नियमातल्या दोन-चार शब्दांनी जे ठरवलं ते अडीच लाख माणसांच्या जाण्यानं बदललं नाही.

"मग सगळ्यांनी एकत्र राहायचं का?"

नाही. हे मी ठासून सांगते. एकत्र कुटुंबाचं कौतुक करणाऱ्यांनी त्या घरातल्या सुनेला विचारावं, वीस माणसांच्या भाकऱ्या कोण थापत होतं ते. लग्नानंतर चार वर्षांनी मी स्वतः वेगळी चूल मांडली, आणि त्या एका खोलीतला माझ्या हातचा पहिला चहा मला अजून आठवतो. एकटी राहणारी विधवा, नोकरीसाठी शहरात आलेली मुलगी, आपापलं जगू पाहणारे म्हातारा-म्हातारी यांच्या चुली वाढल्या ही समाजानं पुढं टाकलेली पावलं आहेत.

चुली वाढणार हे धरूनच नकाशा काढायला हवा. आपण आराखडे लोकसंख्येच्या अंदाजावर करतो: इतके लाख माणसं, म्हणून इतकं पाणी, इतके दवाखाने. त्यात घरटी माणसं किती होणार, किती घरं वर्षभर बंद राहणार, हे मोजलं नाही तर जमिनीचा हिशेब चुकतोच.

पाऊस कुठं मुरणार?

मोकळी जागा म्हणजे खेळणं-फिरणं एवढंच नाही. एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते सुमारे ४ लाख लिटर पाणी होतं, १०,००० लिटरचे चाळीस टँकर. मातीवर पडलं तर बरंचसं मुरतं आणि हळूहळू विहिरीला लागतं. स्लॅब, पेव्हर ब्लॉक आणि डांबरावर पडलं तर जवळपास सगळं तासाभरात ओढ्यावर येऊन आदळतं. ओढ्याची रुंदी आपण आधीच भिंत घालून कमी केलेली असते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुरानं जे केलं ते शहर विसरलेलं नाही. आणि मार्चमध्ये त्याच सोसायट्या टँकर मागवतात, वर मोजलेले तेच चाळीस, विकत.

म्हणून पुण्यातल्या टेकड्यांचं भांडण हे झाडांच्या हौसेचं भांडण नाही. १९९७ मध्ये पालिकेत आलेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे. २०१५ मध्ये त्याला सरकारची मंजुरी मिळाली. त्यातली बरीच जमीन खासगी आहे आणि मोबदला कसा द्यायचा यावर वाद अजून मिटलेला नाही. टेकडी खालच्या लाखभर लोकांसाठी पाणी मुरवते, आणि किंमत मात्र वरच्या काही मालकांनीच सोसायची, हे किती दिवस चालेल? मोबदला वेळेत आणि खरा द्या, मगच टेकडी वाचेल, असं माझं मत आहे.

गावातल्यांसाठी

गावात हीच गोष्ट गायरानाची. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनी गावालाच परत मिळाव्यात असं बजावलं, त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं तसा निर्णयही काढला. २०२२ मध्ये उच्च न्यायालयात आकडा आला तो राज्यभर गायरानांवर सुमारे २.२२ लाख बांधकामांचा. त्यांत धनदांडग्यांच्या शेड आहेत, आणि गावठाणात जागा नाही म्हणून गायरानात झोपडी बांधलेलं भूमिहीन कुटुंबही आहे. दोघांना एकच नोटीस देणं मला पटत नाही. भूमिहीनाची चूल गावठाणात बसवली नाही, म्हणून ती गायरानात गेली.

तलाठ्याकडे 'गाव नमुना १-ई' नावाची नोंदवही असते, तिच्यात सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणांची नोंद असते. ती मागून पाहता येते. शहरात विकास आराखड्याचं प्रारूप जाहीर झालं की हरकती-सूचनांसाठी मुदत असते, आणि तेव्हा आपल्या वॉर्डाचं पान उघडून हिरवा रंग कुठं आहे ते बघता येतं. आपल्या लेआउटचा मंजूर नकाशाही मागता येतो. मी मागितला तेव्हा कळलं, आमच्या ओपन स्पेसवरचा तो हॉल नकाशात नाहीच.

तो नकाशा आता माझ्याकडे आहे. येत्या रविवारी कॉलनीची सभा आहे, तिथं तो भिंतीवर लावणार आहे.